रिकाम्या पुलाचा आकडा

तुमच्या गावातला पूल हलतो, असं तुम्ही सरकारला मोजून दाखवलंत, तर सरकार काय थांबवेल? पुलाचं हलणं, की तुमचं चालणं?

उत्तर घाईने देऊ नका. मी घाईने दिलं होतं, आणि माझ्या हातात तर आलेखही होता.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. बाजाराला धामणगाव बढे, कॉलेजला बुलढाणा. गाव आणि आमची वस्ती यांच्यामधून नाला जातो. शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान, चौक, एसटीचा थांबा हे सगळं पलीकडे. अलीकडे विहार आणि आमची घरं. नाल्यावर लोखंडी पादचारी पूल आहे. ट्रॅक्टर आणि बैलगाड्या खालच्या अंगाच्या रपट्यावरून, म्हणजे नाल्याच्या तळाशी टाकलेल्या काँक्रीटच्या वाटेवरून जातात. रपट्याची वाट गावाला वळसा घालते, उकिरड्यांच्या मागून फिरते आणि चौक टाळून थेट एसटीच्या थांब्यावर निघते. ही वाट पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पूल बांधला त्या वर्षापासून हलतो. पडण्यासारखा नाही, पण मधोमध आलं की पायाखालची पत्र्याची फळी वरखाली होते आणि हात आपोआप कठड्याकडे जातो. वस्तीने त्यावर स्वतःची रीत काढली. समोरून कोणी येताना दिसलं की आपण थांबायचं, कठड्याला दोन्ही हात लावून गुडघे किंचित सैल सोडून उभं राहायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. थांबलेला माणूस असला की पूल कमी हलतो. याला आमच्याकडे पूल धरणं म्हणतात. चालायला लागलेल्या पोराला आई पहिल्यांदा हेच शिकवते. जयंतीच्या मिरवणुकीत तर ठरलेलंच असे: आधी वीसपंचवीस माणसं पुढे जाऊन दोन्ही कठड्यांना उभी राहणार, पूल धरणार, आणि मधून आत्याचं लेझीम पथक वाजवत चौकाकडे जाणार. जयंती म्हटल्यावर कोणाची, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण करायची आणि जानेवारी लागला की संध्याकाळी विहारासमोर बायकांना लेझीम शिकवायची. बायकांचं पथक चौकात नेणारी ती पहिली. त्याआधी बायका मिरवणुकीच्या मागे चालत. पहिल्या वर्षी चौकातल्या ओट्यावरून कोणीतरी म्हणालं होतं की आता सैपाक कोण करणार. आत्याने लेझीम न थांबवता सांगितलं, "तुमीच करा, आमी जेवाले येतो." तो चौक तिने असा मिळवला होता.

बाबा पुस्तिका विकायचे. जत्रेत, मेळाव्यात, जयंतीला जमिनीवर चादर अंथरायची, त्यावर पातळ पातळ पुस्तिका मांडायच्या आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मी वाचायला शिकले ती त्या चादरीवर. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि गवत होतं. आमच्या पुस्तिकांत पाणी, मंदिर, मजुरी, शिक्षण. गावात काही घडलं की बाबा पत्रक लिहायचे आणि मलकापूरहून छापून आणायचे. खरं बोला, मोजून बोला, नाव न लपवता बोला, हे मी त्यांच्याकडून घेतलं. त्यांच्याकडून घ्यायची आणखी एक गोष्ट होती. ती राहिली.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावं लागतं. सरांनी विषयांची यादी लावली. बाकीच्यांनी तयार मॉडेल मिळतील असे विषय उचलले. मी "कंपनांचं डॅम्पिंग मोजणे" हा विषय घेतला आणि आमचा पूल मोजते म्हणून सांगितलं. सर चांगले होते, शिकवायचेही मन लावून. त्यांनी फळ्यावर एक भिंत काढली, तिला एक स्प्रिंग, स्प्रिंगला एक डबा आणि स्प्रिंगच्या शेजारी तेलाने भरलेला पिस्टन. जगातली हलणारी कुठलीही गोष्ट या चार चित्रांत बसते, असं ते म्हणाले. डबा म्हणजे वस्तुमान. स्प्रिंग त्याला परत ओढते, म्हणून तो झुलत राहतो. पिस्टनमधलं तेल बारीक भोकातून इकडून तिकडे जाताना झुलण्याची ताकद खातं, म्हणून झुलणं मरतं. ते किती लवकर मरतं, तेवढं डॅम्पिंग.

मोजायची रीत इतकी सोपी होती की मला आधी ती खोटी वाटली. वस्तू एकदा हलवा आणि सोडून द्या. हेलकावे मोजत जा. हेलकावा पहिल्याच्या अर्ध्यावर यायला जितके झोके लागले, त्यांनी अकराला भागा. येईल ते शेकड्यात डॅम्पिंग. अर्ध्यावर यायला अकरा झोके लागले तर एक टक्का. एकच लागला तर अकरा टक्के, म्हणजे वस्तू जवळजवळ हललीच नाही.

पहिलं मोजमाप फेब्रुवारीत एका रविवारी केलं. नाला कोरडा होता. पुलाच्या मध्याखाली वाळूच्या चार गोण्या दोराने टांगायच्या आणि दोर एकदम कापायचा, म्हणजे पूल वर उसळून आपला आपण झुलेल. वर मधोमध मोबाईल चिकटवून त्यात झोके नोंदवायचे, असं ठरलं. गोण्या आत्याच्या पथकाने भरल्या. दोर कापायला वेल्डर चाचांनी लांब बांबूला विळा बांधून दिला. चाचांचं दुकान एसटीच्या थांब्याजवळ. नांगराच्या फाळापासून शाळेच्या बाकापर्यंत गावातलं सगळं लोखंड त्यांच्या हातून जातं. सर मुद्दाम बुलढाण्याहून आले. त्यांना गूळ घातलेला काळा चहा दिला. त्यांनी तो संपवला, याची वस्तीत दोन दिवस चर्चा होती.

दोर कापला. मोबाईलमध्ये रेघ वरखाली नाचली आणि लगेच बसली. चार झोक्यांत अर्ध्यावर. अकरा भागिले चार, पावणेतीन टक्के. सर खूश झाले. लोखंडी पुलाला एवढं डॅम्पिंग म्हणजे फारच चांगलं, म्हणाले. मला ते पटलं नाही. पावणेतीन टक्क्यांच्या पुलावर हात कठड्याकडे जात नाही.

बुलढाण्याच्या खोलीवर परत आल्यावर चित्रीकरण पाहिलं. मैत्रिणीने नाल्यातून काढलेलं होतं. दोर कापायच्या आधी कठड्याला माणसं उभी दिसत होती. मी मोजली, अकरा होती. दोन्ही हात कठड्यावर, गुडघे सैल. मधोमध आत्या.

पुढच्या रविवारी विचारलं तर तिलाच नवल वाटलं.

"तुह्यासाठीच तं धरला," ती म्हणाली. "तुहे सर आले, एवढे लोक पाहून राह्यले, अन् पूल तसाच हलू द्याचा का? फजिती कोनाची झाली असती?"

पाहुण्यांसमोर फाटकी चादर अंथरत नाहीत, तसं पाहुण्यांसमोर पूल न धरता ठेवत नाहीत. ही चूक आमच्या वस्तीशिवाय कुठे झाली नसती. मी हसले. मग तिला समजावलं की मोजताना पुलावर कोणी नको, पूल एकटा पाहिजे. तिला ते रुचलं नाही.

"रिकामा पूल कोन वापरते वं?" ती म्हणाली.

मी सगळ्यांना काठावर उभं केलं, पुलाच्या दोन्ही टोकांना आडवे दोर बांधले आणि गोण्यांचा दोर पुन्हा कापला. या वेळी रेघ नाचतच राहिली. बावीस झोके. अर्धा टक्का. सेकंदाला दोन झोके या हिशेबाने अकरा सेकंद पूल कोणाच्याही पायाशिवाय हलत होता, आणि काठावर उभी असलेली माणसं नुसती पाहत होती. त्यांचे हात रिकामे होते. काही जणांनी हाताला काम म्हणून कमरेवर ठेवले.

आता वहीत दोन आकडे होते. धरलेल्या पुलाचा चार, सुटलेल्या पुलाचा बावीस. बाबा म्हणाले, दोन्ही लिही. सर म्हणाले की फळ्यावरच्या चित्रात माणूस कुठे आहे? गुणधर्म पुलाचा मोजायचा. दोन आकडे दिले तर परीक्षक गोंधळतील. मी सरांना दोष देत नाही, कारण मलाही तेच शास्त्रीय वाटलं. चित्र इतकं स्वच्छ होतं. डबा, स्प्रिंग, पिस्टन. पिस्टनमधलं तेल आमच्या पुलावर कुठे असतं, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. ते गुडघ्यांत असतं. हेलकावा अंगात घेऊन मुरवणारी माणसंच आमचं तेल होती. पण ती गुणांच्या तक्त्यात बसत नव्हती.

म्हणून अहवालात मी लिहिलं: "प्रथम मापनात पुलावरील व्यक्तींच्या उपस्थितीमुळे त्रुटी आढळली, सबब ते ग्राह्य धरलेले नाही."

हे वाक्य माझं आहे. माझ्या अक्षरात आहे. आत्याला मी त्रुटी म्हटलं.

शेवटच्या पानावर शिफारस लिहिली. वजन पेलायला पूल पुरेसा आहे, हे हिशेबात निघालं होतं. उणीव फक्त डॅम्पिंगची. पुलाखाली तिरके लोखंडी आधार घालावेत, मध्यावर दोन डॅम्पर, म्हणजे तेलाचे पिस्टन बसवावेत, खर्च फार नाही, पावसाळ्याआधी होईल. मला ते पान सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं. सरांनाही प्रोजेक्ट आवडला. समाजाला उपयोग व्हावा म्हणून त्यांनी एक प्रत संबंधित कार्यालयात पाठवू का विचारलं. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, मला अभिमान वाटला. आमच्या घरातली पत्रकं आजवर भिंतीला चिकटायची, पावसाने उतरायची. हा पहिला कागद टेबलावर जाणार होता.

मार्च संपता संपता पुलाच्या आमच्या टोकाला पाटी लागली. फक्त आमच्या टोकाला. पूल कंपनग्रस्त असल्याचे तांत्रिक अहवालावरून निदर्शनास आले आहे. एका वेळी पाचपेक्षा अधिक व्यक्तींनी पुलावर जाऊ नये. मिरवणूक, वाद्ये, लेझीम यांस सक्त मनाई.

पुलाखाली आधार नाही, डॅम्पर नाही, एक नट आवळलेला नाही. एवढ्या वर्षांत ज्यांना हा पूल हलतो हे दिसलं नव्हतं, त्यांना ते जयंतीच्या तोंडावर दिसलं. मी दाखवलं म्हणून दिसलं.

गावातल्या काहींना ही पाटी फार आवडली, हे मी लपवणार नाही. ओट्यावरची मंडळी काळजीने बोलायला लागली. जीव महत्त्वाचा, मिरवणूक काय रपट्यावरूनही जाते, म्हणाली. अनेक वर्षं ज्यांना आमची मिरवणूक चौकात नको होती आणि तसं म्हणायची सोय नव्हती, त्यांना मी शास्त्राची सोय करून दिली होती. त्यांनी मला शाबासकीही दिली. पोरगी हुशार निघाली, म्हणाले.

आत्याने पाटी ओळीओळीवर बोट ठेवून वाचली. तिला वाचता येतं. प्रौढांच्या वर्गात शिकली. वाचून झाल्यावर मला म्हणाली, "तुनं खरंच लिहिलं. पन देलं कोनाच्या हाती?"

एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ती गोष्ट सांगितली, जी त्यांच्याकडून घ्यायची राहिली होती. पत्रक लिहायच्या आधी ते कोण वाचणार हे ठरवायचं, आणि त्याने कुठल्या ओळीवर थांबून कागदाची घडी घातली तर काय होईल, तेही. म्हणून मागणी पहिल्या ओळीत ठेवायची, शेवटी नाही. शेवटचं पान कोणी वाचत नसते, ते म्हणाले. मी चिडून म्हटलं की अहवाल म्हणजे पत्रक नव्हे. ते म्हणाले, "त्यायनं तं त्याचं पत्रकच केलं ना."

मी आणि बाबा कार्यालयात गेलो. साहेब वयाने फार मोठे नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, अहवालाचं कौतुक केलं. त्यांच्या टेबलावर माझी प्रत होती आणि पहिल्या पानांवर पेन्सिलच्या खुणा होत्या. शेवटचं पान गुळगुळीत होतं, त्याला कोणाचं बोटही लागलेलं नव्हतं. दुरुस्तीचं विचारलं तर प्रस्ताव वर पाठवतो म्हणाले. केव्हा, तर योग्य वेळी. एक धक्का द्यावा आणि तो टेबलामागून टेबल अर्धा अर्धा होत जावा, अशी ती इमारत. तिचं डॅम्पिंग मोजायला विळा लागत नाही, साधा अर्ज पुरतो.

मग मी त्यांना पूल धरण्याची रीत सांगितली. माणसं कठड्याला उभी राहिली की डॅम्पिंग पाचपटीने वाढतं, मिरवणूक तशीच जाते, आजवर तशीच गेली आहे, मी ते मोजलंही आहे. त्यांनी शांतपणे पान उलटलं आणि बोट ठेवलं.

"तुम्ही स्वतःच याला त्रुटी म्हटलंय, ताई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मी त्यांनी माझ्यावर केलेले उपकार समजते.

परतताना चाचांच्या दुकानापाशी उतरलो. सगळं ऐकून चाचांनी तोंडातली सुपारी थुंकली आणि कोपऱ्यातलं एक जुनं शॉकअप, गाडीचे धक्के खाणारं नळकांडं, उचललं. जीपचं होतं. दोन्ही हातांनी दाबून दाखवलं. ते हळूहळू आत गेलं, हळूहळू बाहेर आलं. तेल अजून जिवंत होतं.

"बेटी, गाडी का शॉकअप गया तो गाडी नाचती," ते म्हणाले. "तो शॉकअप बदलते. रस्ता थोडी बंद करते."

चार वर्षं शिकून मी जे अहवालात नीट लिहू शकले नाही, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी तशी दोन शॉकअप शोधली, आतलं तेल बदललं. कोरड्या नाल्यात, पुलाच्या मध्याखाली दगडांत रोवून दोन लोखंडी खांब उभे केले. खांब आणि पूल यांच्यामध्ये शॉकअप बसवली. पुलाला भोक पाडलं नाही, पट्ट्यांनी आवळलं, म्हणजे उद्या कोणी बोलायला नको. पावसाळ्यात खांब वाहून जातील हे माहीत होतं. आम्हाला पावसाळा नको होता, एप्रिलमधली एक दुपार हवी होती. आत्या येऊन गोण्या भरून गेली. माझ्याशी बोलली नाही, पण गोण्या शिगोशीग भरल्या.

दोर कापला. कठड्याला कोणी नव्हतं. पाच झोक्यांत अर्ध्यावर. दोन टक्क्यांच्या वर.

ती रेघ मी छापून घेतली. या वेळी मागणी पहिल्या ओळीत लिहिली: मनाई मागे घ्या, पूल मोजून घ्या. सरांकडे सहीसाठी गेले. त्यांनी आलेख दोनदा पाहिला, काम उत्तम झालं म्हणाले, आणि सही केली नाही. कॉलेजला यात ओढू नकोस, म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज होती. सहीशिवाय कागद दिला. दोन दिवसांनी दोन माणसं आली आणि शासकीय मालमत्तेवर अनधिकृत जोडकाम म्हणून शॉकअप काढायला सांगून गेली. न काढल्यास गुन्हा. या कामाला मात्र दोन दिवस पुरले. चाचांनी पट्ट्या सोडल्या. पोटावर पाय येईल म्हणून मीच त्यांना सोडा म्हटलं.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक रपट्यावरून गेली. निळे झेंडे, ताशे, ट्रॅक्टरवरची प्रतिमा, सगळं वळलं. बाबा पुढे होते. मी विहारापाशी रेंगाळले, कारण कोणाच्या शेजारी चालावं ते समजत नव्हतं. तेव्हा आत्या दिसली. पांढऱ्या साडीत, काखेत लेझीम मिटून धरलेलं. पथकातल्या तिघी तिच्याबरोबर होत्या. त्या पुलाकडे निघाल्या होत्या.

माझ्याजवळून जाताना ती थांबली. "आमी चौघी हाओ," ती म्हणाली. "पाटीवर पाच लिहेल हाय. पाचवी तू चाल."

आम्ही पाच जणी पुलाच्या मध्यावर गेलो. वाद्य वाजवलं नाही, घोषणा दिली नाही. दोन्ही हात कठड्यावर, गुडघे सैल. पुलाच्या टोकाला बंदोबस्ताचा शिपाई उभा होता. त्याने आम्हाला मोजलं, पाटी वाचली, पुन्हा मोजलं आणि सावलीत जाऊन बसला. उकिरड्यांमागून ताशांचा आवाज येत होता. आधी जवळ, मग लांब, मग गावाच्या पाठीमागे. चौकाजवळ तो आलाच नाही. परवानगीची वेळ एसटीच्या थांब्यावरच संपली.

आम्ही पूल धरून उभ्या होतो, आणि त्यावरून जायला कोणी नव्हतं. पूल जराही हलत नव्हता. मी आयुष्यात पाहिलेलं ते सर्वांत उत्तम डॅम्पिंग. आत्याच्या हाताच्या शिरा कठड्यावर ताणलेल्या होत्या. लेझीमच्या चकत्या काखेत दबलेल्या होत्या, म्हणून त्यांचाही आवाज आला नाही. तिने माझ्याकडे न पाहता विचारलं, "हे बी त्रुटीच का?"

"नाही," मी म्हटलं. ते ऐकायला चौकात कोणी नव्हतं आणि कार्यालयाला सुट्टी होती.

प्रोजेक्टला मला चांगले गुण मिळाले. पाटी अजून तिथे आहे. ऊन लागून "मनाई" सोडून बाकी अक्षरं फिकट झाली आहेत. प्रस्ताव योग्य वेळेची वाट पाहत आहे. वस्तीची पोरं शाळेत जाताना पाच पाचच्या गटाने जातात, आणि अर्ध्यावर समोरून कोणी आलं की अजूनही थांबून पूल धरतात. ते कोणी थांबवलेलं नाही, कारण ते कोणाच्या अहवालात नाही.

आता तुमच्याकडे मागणी. बाबांच्या नियमाने ती पहिल्या ओळीत हवी होती. पण इथवर वाचल्याशिवाय तुम्ही ती मनावर घेतली नसती, म्हणून या एका वेळी नियम मोडला.

तुमच्या गावातल्या पुलावर अशी पाटी असेल, तर मोबाईल घेऊन जा. कंपन नोंदवणारं ॲप फुकट मिळतं. पूल रिकामा असताना मोजा, माणसं कठड्याला उभी असताना मोजा. अर्ध्यावर यायला किती झोके लागले ते दोन्ही वेळा मोजून, त्यांनी अकराला भागा. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहा. माणसांच्या आकड्याला त्रुटी म्हणू नका. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, एवढाच प्रश्न लिहा: पाटी लागली त्या दिवसापासून आजवर पुलाला काय लावलं? त्या कागदाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात देऊन तिच्यावर पोच घ्या. दुसरी पाटीच्या शेजारी चिकटवा, चारही कोपरे नीट दाबून.